खिंडीतला हिरवा रंग

धुळे, २ मे २०२५

ती. आबा,

नमस्कार. मोठ्या आईलाही, पण तिचा वेगळा, तुमच्यात वाटून घेऊ नका.

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही, आणि तुमचा नवीन मध्ये निरोप्या बनून सांगायला बसला की माझ्या चार वाक्यांचं तो एक करतो, तेही स्वतःचं. म्हणून पत्र. तुम्हाला पत्र आवडतं हेही ठाऊक आहे, उगाच आढेवेढे घेऊ नका.

बातमी अशी की आमच्या प्रयोगशाळेकडे आपल्या खिंडीचं काम आलंय. तुमच्या वरच्या मळ्याच्या कडेनं खडक कापून नदीकडे रस्ता नेला, तेव्हा त्या खडकात लोखंडी बोल्ट बसवले होते ना? बाहेरून नुसती हाताएवढी पट्टी आणि नट दिसतो. पण त्याच्यामागे भोकात माणसाच्या दुप्पट लांबीचा गज आहे, आणि भोवती सिमेंट ओतलेलं आहे. पुढचे सुटे थर मागच्या घट्ट खडकाला बांधून ठेवायचं काम त्या गजाचं. बारा वर्षं झाली. ते अजून धरून आहेत की नाही, हे जॅक लावून ओढून बघायचं. ऑफिसात विचारलं कोण जाणार, तर मीच आधी हात वर केला. खोटं कशाला बोलू, मोठ्या आईच्या हातची कळण्याची भाकरी डोळ्यांसमोर आली.

वीस आणि एकवीस मेला तपासणी आहे. यंदा श्रावणात कानबाई देवी आपल्या घरी बसणार असं नाना म्हणाले. दोन वर्षं सुतकात गेली, त्यामुळे ते आत्तापासूनच बॅग भरायला निघालेत. विसर्जनाची मिरवणूक खिंडीतूनच नदीवर जाणार, तेव्हा त्याआधी तपासून झालेलं बरं.

तुमची,
चारुलता


धामणखोरे, १० मे २०२५

चि. चारू,

तुझं पत्र पोस्टमननं पारावर सगळ्यांसमोर दिलं, त्यामुळे मला ते मोठ्यानं वाचावं लागलं. कळण्याच्या भाकरीपाशी सगळे हसले. तुझी मोठी आई हसली नाही, ती लगेच कळणा दळायला गेली.

तू तपासणीला येतेस याचा गावाला आनंद आहे. तपासणी आपल्याला नवी नाही. ग्रामस्वच्छतेचं बक्षीस आपण दोनदा आणलं, ते काय असंच? साहेब लोक येण्याच्या आदल्या दिवशी शाळेपासून गुरांच्या पाणवठ्यापर्यंत चुना मारलेला असायचा. आता तर घरचीच पोरगी साहेब होऊन येते. तुझ्या तपासणीत गाव कमी पडणार नाही, एवढं मी आत्ताच लिहून ठेवतो. बाकी आल्यावर बघ.

एक काम आहे. चहावाली ताईबाई तुला आठवत असेल. तिची टपरी पूर्वी खिंडीत सावलीला होती. दोन पावसाळ्यांपूर्वी वरून बारीक खडे पडले म्हणून ती बाहेर उन्हात आली. तिथं गिऱ्हाईक थांबत नाही. ती रोज विचारते, "आबा, पोरीले इचारा ना, मी परत आत बसू का?" मी म्हटलं, चारू बघेल आणि सांगेल. तिचा माझ्यापेक्षा तुझ्यावर भरवसा आहे, कारण मी काही शिकलेलो नाही.

कानबाईचं म्हणशील तर नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडून ठेवलेत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. तुझ्या बापाच्या, नानाच्या मुठीचे मी माझ्या हातानं घेतले, त्याची मूठ लहान आहे.

ये लवकर.
आबा


धुळे, ३० मे २०२५

ती. आबा,

दोन दिवसांत मोठ्या आईनं मला इतकं खाऊ घातलं की जॅकऐवजी मलाच बोल्टला लटकवलं असतं तरी चाललं असतं. अभिमन, आमचा जॅकवाला, अजून आमरसाची आठवण काढतो. तो धुळ्याकडचा, म्हणतो, "ताई, आते दर साल तठेच तपासणी ठेवा."

आता कामाचं. अहवाल काल दिला. आम्ही जेवढे बोल्ट ओढले, तेवढे सगळे पास झाले. एकही हलला नाही. पट्ट्या आणि नट उत्तम स्थितीत आहेत, असं मी लिहिलंय. बांधकाम खातं गेली बारा वर्षं इतक्या निगुतीनं देखभाल करत असेल असं मला वाटलं नव्हतं, पण चांगल्याला चांगलं म्हणावं.

ताईबाईला सांगा, आत बसायला हरकत नाही. तिथली सावली खरंच छान आहे. मीसुद्धा दुपारभर तिथेच बसून आकडे लिहिले.

नानांचा नमस्कार. मूठ लहान असल्याचं त्यांना वाचून दाखवलं. ते दिवसभर मूठ उघडून बघत होते.

चारू


धामणखोरे, ९ जून २०२५

चि. चारू,

पत्र मिळालं, पेढे वाटले. ताईबाईची टपरी त्याच संध्याकाळी आम्ही चौघांनी उचलून खिंडीत नेली. आता ती पोरासोरांनाही सांगते, "चारूताईनं पास केली जागा."

आता तुला एक गंमत सांगतो, आतापर्यंत दाबून ठेवली होती. तू खात्याची तारीफ केलीस ना, ती खात्याची नाही, ती तुझ्या या अडाणी आबाची. खात्याचा माणूस बारा वर्षांत तिकडे फिरकला नाही. तू येण्याच्या आधी मी जाऊन पाहिलं तर कित्येक पट्ट्यांखालून खडकावर लाल ओघळ उतरलेले. रक्त वाहिल्यासारखे दिसत होते. म्हटलं, घरची पोरगी तपासायला येणार आणि हे असं दाखवायचं? शिडी लावली, तारेचा ब्रश घेतला, नवीनला आणि मळ्यावरच्या मगनला हाताशी धरलं आणि सगळे ओघळ घासून साफ केले. मग रंग. ताईबाईनं टपरीला दिलेला हिरवा रंग डबाभर उरला होता, तो तिनं आपणहून दिला. म्हणाली, "घ्या आबा, पोरगी खुश होईन." प्रत्येक पट्टीला, प्रत्येक नटाला दोन हात दिले. तू जवळून पाहिलंस आणि तुझ्या लक्षातही आलं नाही! मोठी आई म्हणते, साहेब झाली तरी भोळीच राहिली.

तर अशी तुझी देखभाल. बक्षीस मिळालं तर निम्मं ताईबाईचं.

आबा


धुळे, १६ जून २०२५

ती. आबा,

तुमचं पत्र मिळालं. परवा नवीनलाही फोन केला होता. त्यानं तुम्हाला सांगितलं असेलच, ताईबाईची टपरी थोडे दिवस बाहेर घ्या म्हणून.

काळजीचं काही नाही. आमच्या यंत्राच्या आकड्यांत जरा शंका आली आहे, म्हणून पुन्हा एकदा येऊन काही बोल्ट ओढावेत असा विचार आहे. मंजुरी मिळाली की येते. पावसामुळे दोन आठवडे तरी जातील.

तोवर मला एक लिहून कळवा. ते लाल ओघळ कोणत्या बोल्टांखाली होते? खिंडीत नदीकडे तोंड करून उभं राहिलं तर उजवीकडे की डावीकडे, वरच्या रांगेत की खालच्या, आठवेल तेवढं सांगा. नुसती उत्सुकता म्हणून.

रंगाची गंमत आवडली. तुम्ही फार कष्ट घेतलेत.

चारू


धामणखोरे, २२ जून २०२५

चि. चारू,

तुझं पत्र या वेळी फार छोटं. तब्येत बरी आहे ना? यंत्र बिघडलं तर दुकानदाराला धर, तू कशाला मनाला लावून घेतेस.

ओघळ विचारतेस, तर सांगतो. डावीकडे एकही नव्हता. सगळे उजवीकडे, वरच्या दोन रांगांत, मधल्या भागात, म्हणजे वर जिथं आपली केळी आहे बरोबर त्याच्या खाली. मी मगनला म्हटलंसुद्धा, आपल्या केळीचं पाणी खडकालाही पाजतंय. ताईबाईची सावली तीच.

नवीननं ताईबाईला टपरी हलवायला सांगितलं. ती उठली नाही, माझ्याकडे आली. म्हणाली, "आबा, तुमी म्हनलं त बसली, तुमी म्हनसान तवाच उठीन." मी तिला तुझं पत्र दाखवलं. काळजीचं काही नाही, असं तूच लिहिलंस. मग म्हटलं, उगाच घाई कशाला, गुरुवारचा बाजार होऊ दे, त्या दिवशी तिची चार पैशांची विक्री होते. शुक्रवारी आम्हीच उचलून बाहेर आणू.

यंदा पाऊस बरा आहे. केळीला पाणी द्यायची गरज नाही, नुसतं खत सोडतो.

आबा


धुळे, ६ जुलै २०२५

आबा,

तुमचं पत्र आणि नवीनचा फोन एकाच दिवशी आले. आधी फोन आला, गुरुवारी खिंडीतला खडक ताईबाईच्या टपरीवर कोसळल्याचा. मला काही कळवू नकोस असं तुम्ही त्याला बजावलं होतं म्हणे. त्यानं ऐकलं नाही, त्याला रागावू नका.

मी दुसऱ्या दिवशी जळगावला गेले होते. ताईबाईच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसले. आत तिची लेक तिला भरवत होती. डावा पाय गुडघ्याखाली काढलाय, पांघरूण तिथं सपाट होतं. मी उठले आणि स्टँडवर जाऊन धुळ्याची गाडी पकडली. तिला भेटले नाही, आबा. आत जाऊन काय म्हणणार होते, मीच ती, जिनं जागा पास केली?

आता तुम्हाला सगळं खरं सांगते. आधीच सांगायला हवं होतं.

यंत्रात काही बिघाड नव्हता. तुमचं रंगाचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. ते लाल ओघळ म्हणजे घाण नव्हती. गज सिमेंटमध्ये पूर्ण बुडालेला असला तर त्याला शंभर वर्षं काही होत नाही. पण तोंडाशी सिमेंट नीट भरलं नसेल किंवा खडकाच्या भेगेतून पाणी येत असेल, तर पट्टीच्या मागे, जिथं डोळा पोचत नाही तिथं, गज गंजत जातो. तो गंज पाण्याबरोबर बाहेर येतो, तोच ओघळ. बोल्टला तोंड नाही, आजारी असल्याचं तो तेवढंच सांगू शकतो. सगळे बोल्ट ओढणं शक्य नसतं, म्हणून आम्ही ओघळवाले आधी निवडतो, असा आमचा नियमच आहे. मला ओघळ दिसले नाहीत, म्हणून हाताला सोपे आले ते, डावीकडचे आणि खालच्या रांगेतले बोल्ट ओढले. ते चांगलेच होते.

आणि तुम्ही म्हणाल, तुला कसं कळणार, रंग आम्ही दिला. आबा, मला रंगाचा वास आला होता. पहिल्याच पट्टीपाशी. बारा वर्षांच्या बोल्टला ताजा रंग बघून माझ्या जागी दुसरं कोणी असतं, तर त्यानं आधी तो खरवडला असता. आमच्याकडे नव्यानं आलेल्या पोरांना मी स्वतः हेच शिकवते. पण ते आपलं गाव होतं, तुम्ही छत्री धरून शेजारी उभे होतात, मोठ्या आईनं डबा पाठवला होता. मला वाटलं, इथं काय वाईट असणार. मी विचारलं नाही. एका प्रश्नाचं काम होतं.

नंतरही भ्यायले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून "काळजीचं काही नाही" लिहिलं. तुमच्यापेक्षा माझंच मन राखायला लिहिलं असेन. त्या तीन शब्दांमुळे टपरी गुरुवारपर्यंत तिथं राहिली.

पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तुम्ही घराबाहेर आला नाहीत. उजवीकडच्या वरच्या रांगेतला पहिला बोल्ट जॅक लावताच तुटला. अभिमननं तुकडा माझ्या हातात दिला, म्हणाला, "वरतून दखाले चांगला, मझार बठ्ठा खाई टाकेल शे." वरून चांगला, आतून सगळा खाल्लेला. पट्टीच्या मागे वीतभर अंतरावर तो जाड गज करंगळीएवढा उरला होता. बाहेर तुमचा हिरवा रंग तसाच ताजा. त्याच्या शेजारचे चार तसेच निघाले. खिंड आता बंद केली आहे. नवे बोल्ट बसायला दिवाळी उजाडेल. कानबाई खिंडीतून जाऊ शकणार नाही.

एवढ्या लवकर एवढा गंज का, तेही तपासलं. खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात खार सापडला. तुम्ही केळीला खत म्हणून सोडता ते पोटॅश हे एक प्रकारचं मीठच असतं, आबा. लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण कसं खाऊन जातं, तसं. कडेच्या रांगांना ठिबकमधून खत सोडणं बंद करा. पण यात तुमचा दोष नाही. खाली लोखंड आहे आणि वर केळी आहे, हे खात्याला माहीत होतं, मलाही होतं. तुम्हाला कोणी सांगितलंच नाही.

पहिला अहवाल चुकीचा होता आणि चूक माझी आहे, असं ऑफिसला लेखी दिलंय. रंगाबद्दल कोणी तुम्हाला विचारलं तर माझ्याकडे पाठवा.

चारू


धामणखोरे, १७ जुलै २०२५

चारू,

पत्र तीनदा वाचलं. तू शिकलेली आहेस, तुला आपला दोष बरोबर मांडता येतो. मला तसं मांडता येत नाही.

पण रंग कोणी दिला? ब्रश कोणाच्या हातात होता? तुझं पत्र दाखवून तिला गुरुवारपर्यंत थांब कोण म्हणालं? पोटॅश कोण सोडत होतं? चारी वेळा मीच. आणि तू म्हणतेस दोष तुमचा नाही. मी म्हातारा आहे, खुळा नाही.

त्या दिवशी मी तिथंच होतो, हे तुला नवीननं सांगितलं नसेल. चहा प्यायला बसलो होतो. कान असे असल्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. लोक म्हणतात, आधी मोठा आवाज झाला, गज तुटल्याचा, आणि जो तो पळाला. मी मात्र बशीत चहा ओतत होतो. ताईबाईनं मला हाताला धरून ओढलं आणि ढकलून दिलं. मी बाहेर पडलो. तिचा पाय आत राहिला.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लोकांना वाटतं ती सामान वाचवायला थांबली. मी ते तसंच वाटू दिलं.

मी तिला भेटायला गेलेलो नाही. मोठी आई दोनदा जाऊन आली. मी दोन्ही वेळा स्टेशनपर्यंत गेलो आणि बोदवडच्या फलाटावरून परत आलो.

गावात कुरबुर आहे. कानबाई खिंडीतूनच न्यायची, देवीला काय दगड लागतो का, असं तरणी पोरं म्हणतात. मी काही बोललो तर म्हणतील, आधी आबानंच पास करून आणली होती. काय करावं कळत नाही. तू कानबाईला ये. तू असलीस तर मला बोलता येईल.

आबा


धुळे, २५ जुलै २०२५

ती. आबा,

मी येणार नाही. नाना येतील. कोणत्या तोंडानं येऊ? ताईबाईच्या दारावरून मिरवणूक जाते, तिचं दार बंद असेल.

पण कानबाईला खिंडीतून जाऊ देऊ नका. तुमचं कोणी ऐकत नसेल तरी. बायका डोक्यावर देवी घेऊन नाचत चालतात, त्यांना पळता येणार नाही. तुटलेले पाच बोल्ट आम्ही पाहिलेत, न पाहिलेले किती तसे आहेत ते मला माहीत नाही. पाया पडते, आबा. या वेळी काळजीचं आहे.

रस्ता नव्हता तेव्हा कानबाई कुठून जायची? मी तेव्हा धुळ्यातच असायचे, मला माहीत नाही.

चारू


धामणखोरे, ७ ऑगस्ट २०२५

चि. चारू,

तू विचारलंस कानबाई पूर्वी कुठून जायची. तुझं ते वाक्य वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. अगं, वरूनच जायची, आपल्या मळ्यातून! खिंड कापली तशी ती वाट मोडली, आणि त्या वाटेवर मी केळी लावली. गाव विसरलं, मीही विसरलो, विसरणं माझ्या फायद्याचं होतं.

शनिवारी सकाळी कोयता घेतला आणि मळ्यात गेलो. नवीन आडवा आला, "आबा, महिनाभरात घड उतरतीन, आता कायले तोडता?" मी त्याला बाजूला सारलं. कडेपासून पाच-सहा रांगा, घडासकट. खालच्या बोल्टांवर ज्यांचं पाणी उतरत होतं, त्याच. थोड्या वेळानं नवीननंही कोयता आणला. दुपारपर्यंत ज्यांनी देवीला दगड लागत नाही म्हटलं होतं, तीही दोन-चार पोरं आली आणि खोडं ओढून नेऊ लागली. कोणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही.

रविवारी कानबाई बसली. नानानं रोट खाताना आपली मूठ सगळ्यांना दाखवली. सोमवारी देवी मळ्यातून, मोकळ्या रानातून नदीवर गेली. चिखल होता, बायकांच्या पोटऱ्या भरल्या, पण नाचायच्या थांबल्या नाहीत. मी खिंडीच्या तोंडाशी, आडव्या लावलेल्या लाकडापाशी बसून राहिलो, कोणी सवयीनं आत शिरू नये म्हणून. एकही दगड पडला नाही. आजवर पडला नाही. काही लोक मला हसतात, हसू देत.

मंगळवारी मी जळगावला गेलो. या वेळी फलाटावरून परत आलो नाही, मोठी आई सोबत होती आणि तिनं माझा हात सोडला नाही. ताईबाई खाटेवर बसली होती. तिचा आवाज बारीक झालाय. तिचं बोलणं मला ऐकू येईना, मोठी आई माझ्या कानाशी ते पुन्हा सांगत होती. मी सगळं पाठ करून गेलो होतो, रंग मी दिला, तुला थांब मी म्हटलं, माझ्यापायी तुझा पाय गेला आणि मी ते गावाला सांगितलंही नाही. मी तोंड उघडायच्या आत तीच रडायला लागली. मला वाटलं पाय दुखतोय. मोठ्या आईच्या तोंडाकडे पाहिलं, तर तिच्याही डोळ्यांत पाणी. तिनं माझ्या कानात सांगितलं, ताईबाई म्हणते, "रंग त माह्या होता ना, आबा. मीच डबा देला. नसता देला त चारूताईले दिसलं असतं. तिची नोकरी त नाही ना गेली माह्यापायी?"

चारू, मी माफी मागायला गेलो होतो आणि तीच माझी मागत होती.  मी तिचा हात धरला आणि रडलो. मोठ्या आईला मी गाडीतच सगळं सांगितलं होतं. तिनं वॉर्डातल्या सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं, "हिनं माह्या मानसाले वाचवलं." आता ते गावालाही कळलंय. कानबाईच्या आरतीच्या जागी उभा राहून काल मी स्वतः सांगितलं.

अभिमन काल आला होता, शिडीवरून पट्ट्यांचा रंग काढायला. मी त्याला माझाच तारेचा ब्रश दिला. आत जायला त्यानं मला परवानगी दिली नाही, मी लाकडापाशी उभा राहून बघत होतो. आज सकाळी पाऊस झाला आणि हिरवं गेलेल्या जागेखाली ओघळ पुन्हा उतरले. कुठले आजारी आहेत ते आता लांबूनही दिसतं. तू ये आणि मोज.

पण आधी जळगावला जा. बाकावर बसून परत येऊ नकोस. डबा देण्यात तिची काही चूक नव्हती, हे तिला मी सांगून पाहिलं, मोठ्या आईनं सांगून पाहिलं. ती म्हणते, चारूताईनं सांगितलं तर मी मानेन. अजूनही तिचा तुझ्यावरच भरवसा आहे.

आबा